मित्रमंडळींसोबत सिएनातला एक दिवस: वरून खाली, आणि शेवटी काम्पोवर बूड टेकून

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांनी सिएना हे नाव इटलीचा नकाशा बघण्याआधीच वाचलेलं असतं, रंगाच्या ट्यूबवर. ‘बर्न्ट सिएना’ म्हणजे भाजलेल्या मातीचा तो तांबूस तपकिरी रंग याच भागातल्या मातीच्या नावाने जगभर ओळखला जातो. बसमधून उतरल्यावर समोर भिंती, कौलं, फरसबंदी सगळी त्याच कुळातली दिसते आणि आपण ट्यूबच्या आत शिरलोय असं वाटतं.

फ्लॉरेन्सला आलेले बहुतेक लोक सिएना ‘उरकतात’. दहाला उतरायचं, चौकात फोटो, दुओमोत, म्हणजे मुख्य चर्चमध्ये, धावती चक्कर, एक पिझ्झा आणि चारच्या बसने परत. आम्ही पहिल्या वेळी नेमकं हेच केलं आणि गुडघेदुखीशिवाय फारसं काही हाती लागलं नाही. दुसऱ्या वेळी पाच जण गेलो, तेव्हा यादी अर्धी केली, क्रम उलटा केला आणि संध्याकाळी सगळ्यांत उशिरा निघालो. खाली देतोय तो हा दुसऱ्या वेळचा बेत.

आधी गावाची ठेवण समजून घ्या

सिएना तीन डोंगरसोंडांवर वसलंय. या तीन सोंडा जिथे एकत्र येतात त्या खोलगट जागी पियात्सा देल काम्पो हा मुख्य चौक आहे. दुओमो वर टेकाडावर. बसथांबा दुसऱ्या सोंडेवर. रेल्वे स्टेशन पार तळाशी. नकाशात दोन ठिकाणं चारशे मीटरवर दिसली तरी मध्ये एक उतार आणि एक चढ असणारच. म्हणून इथे अंतर मोजू नका, चढ मोजा. चढाचं काम सकाळी, पाय ताजे असताना संपवायचं आणि दिवस काम्पोच्या दिशेने उतरत न्यायचा.

दिवस निवडताना

पालिओ ही काम्पोवरची प्रसिद्ध घोड्यांची शर्यत दर वर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्टला होते. त्याआधीचे तीन-चार दिवस चौकात कडेने माती अंथरलेली असते, बाकडी लावलेली असतात, सराव-शर्यती चालू असतात. या दिवसांत गेलात तर पालिओ बघायला जा, गाव बघायला नको. दोन्ही एका दिवसात होत नाही.

रविवारी दुओमोत सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना सहसा दुपारनंतर सोडतात, शिवाय बसगाड्याही कमी. साधा वार उत्तम. दुओमोतली संगमरवरी फरशी हा तिथला मोठा ठेवा आहे, पण तिच्या बऱ्याच भागावर वर्षाचा मोठा काळ आच्छादन असतं. ती साधारणपणे उन्हाळ्यात काही आठवडे आणि मग ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडी ठेवतात. तारखा दर वर्षी बदलतात, संकेतस्थळावर बघूनच ठरवा. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट: फरशी उघडी, ऊन सोसवणारं आणि संध्याकाळ बऱ्यापैकी लांब.

जायचं कसं

फ्लॉरेन्सहून बसच घ्या. सांता मारिया नोव्हेला रेल्वे स्टेशनजवळच्या बस स्थानकातून 131 क्रमांकाची गाडी सुटते. ‘रापिदा’ म्हणजे जलद गाडी सव्वा तासाच्या आसपास घेते. ‘ओर्दिनारिया’ गावोगाव थांबत जाते, ती टाळा. बस तुम्हाला पियात्सा ग्राम्शीपाशी, म्हणजे वर गावातच सोडते. रेल्वेला साधारण दीड तास लागतो आणि ती तळाशी सोडते. रेल्वेनेच यायचं असेल तर स्टेशनसमोरच्या खरेदी-संकुलात शिरा. तिथून एकापुढे एक सरकते जिने तुम्हाला पोर्ता कामोल्लिया या वेशीच्या बाजूला वर आणून सोडतात. आम्हाला पहिल्यांदा हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही डांबरी रस्त्याने चढत गेलो. स्टेशनातून कागदी तिकीट घेतलं असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

भाड्याची गाडी काढायचा मोह अनेक गटांना होतो. टस्कनीचे, म्हणजे या प्रांताचे, रस्ते आहेतच तसे. पण जुन्या गावात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचं क्षेत्र असतं आणि कॅमेरे नंबरप्लेट टिपतात. दंडाची नोटीस तुम्ही घरी परतून फोटो दाखवून झाल्यावर कधीतरी येते. सिएनाने काम्पो 1966 मध्येच गाड्यांना बंद केला, त्यामुळे इथे वाद घालून उपयोग नाही. गाडी वेशीबाहेरच्या वाहनतळावरच ठेवा.

उतरल्याबरोबर पहिलं काम: परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळांचा फोटो काढून तो गटावर टाका. बेत पुढे कितीही विस्कटला तरी हा फोटो उपयोगी पडतो.

पैसे, तिकिटं आणि एक खजिनदार

निघतानाच प्रत्येकाकडून सारखी काँट्री काढा आणि एका माणसाकडे द्या. कॉफी, पाणी, तिकिटं, आइस्क्रीम सगळं त्यातून. पाच जण पाच कार्डं काढून दीड युरोच्या कॉफीसाठी काउंटर अडवतात तेव्हा मागच्या लोकांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

दुओमोच्या परिसरातल्या वास्तूंसाठी ‘ओपा सी’ नावाचा एकत्रित पास मिळतो. त्यात दुओमो, पिकोलोमिनी ग्रंथालय, संग्रहालय, बाप्तिस्मागृह आणि तळघर येतं. तो आधीच ऑनलाइन घ्या. चौकातल्या नगरभवनातल्या संग्रहालयाचं तिकीट वेगळं. दिवसभरात तिकिटाच्या तीन जागा पुरेत: दुओमो, समोरचं जुनं रुग्णालय आणि नगरभवन. चौथी घुसवलीत की शेवटची न बघताच पार पडते.

सकाळी नऊ: दरीच्या या काठावरून

पियात्सा ग्राम्शीहून पाच मिनिटांवर सान दोमेनिको ही विटांची धिप्पाड बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे. आत सिएनाची संत कॅथरीन (1347–1380) हिचं मस्तक जपून ठेवलंय. ती वारली रोममध्ये, देह तिथेच राहिला, मस्तक गावाने आणलं. बघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्यातली एक दारातच थांबली. पण बॅसिलिकेच्या बाजूने दरीपलीकडे बघायला चुकू नका. समोर टेकाडावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दुओमो आणि त्याच्या डावीकडे चौकातला सडपातळ मनोरा. दिवसभर जिथे जायचंय ते इथूनच एका नजरेत दिसतं.

उताराने कॅथरीनच्या घरावरून खाली फोन्तेब्रांदाला या. तिचे वडील रंगारी होते. रंगारी आणि चर्मकार यांना पाणी लागायचं, म्हणून त्यांची वस्ती या तेराव्या शतकातल्या कमानीदार हौदाभोवती. सिएनाला नदी नाही. इथलं सगळं मोठेपण पाण्याच्या टंचाईवर मात करून उभं राहिलंय: जमिनीखाली ‘बोत्तीनी’ नावाचे सुमारे 25 किलोमीटर लांबीचे बोगदे खणून झऱ्यांचं पाणी गावात आणलं होतं. हौदावर सकाळी कुणी नसतं. दहा मिनिटं बसा.

इथून दुओमो थेट डोक्यावर आहे. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी गल्लीने चढावं. बाकीच्यांनी वेशीबाहेरच्या वाहनतळापासून निघणारे सरकते जिने धरावेत. वर भेट होतेच.

दहा ते एक: दुओमो, आणि जो झालाच नाही तो दुओमो

खांदे झाकलेले हवेत, एवढं लक्षात ठेवून आत जा. आत शिरताच झेब्र्यासारखे पट्टेदार खांब अंगावर येतात. काळा-पांढरा हे सिएनाच्या ढालीचेच रंग. फरशीवर 56 चित्रं आहेत, संगमरवर कोरून आणि जडवून केलेली. चौदाव्या शतकात सुरू झालेलं काम एकोणिसाव्यापर्यंत चालू होतं. दाराजवळच सिएनाची मादी लांडगा सापडते. लहानपणी लांडगीने पाजलेल्या रोमच्या रेमसच्या मुलांनी हे गाव वसवलं अशी दंतकथा आहे, म्हणून रोमची लांडगी इथेही जागोजाग दूध पाजताना दिसते.

निकोला पिसानो या शिल्पकाराचं प्रवचनाचं अष्टकोनी व्यासपीठ (1265–68) बघताना एकच युक्ती: पूर्ण बघू नका. एक बाजू निवडा आणि गर्दीतला एकेक चेहरा शोधा. डावीकडच्या पिकोलोमिनी वेदीवरच्या काही छोट्या मूर्ती तरुण मायकेलअँजेलोच्या आहेत. त्यांच्यापुढे बहुतेक लोक थांबतच नाहीत. तिथूनच ग्रंथालयात जायचं दार आहे. पिंतुरिक्कियोने रंगवलेल्या या खोलीतले निळे-सोनेरी रंग पाचशे वर्षांनंतरही काल सुकल्यासारखे आहेत. इथे फोटोग्राफर मित्राला दहा मिनिटं द्या, मग दंडाला धरून बाहेर काढा.

बाहेर येऊन दुओमोकडे तोंड केलंत की उजवीकडे एक विचित्र गोष्ट दिसेल: आकाशाला टेकलेली एकटी भिंत, मोठाल्या कमानी, आणि आत छताऐवजी वाहनं किंवा कबुतरं. 1339 मध्ये सिएनाने ठरवलं की आहे तो दुओमो फक्त आडवा हात असेल आणि नवा मुख्य दालनाचा भाग त्याला जोडायचा. फ्लॉरेन्सला खाली बघायला लावायचं होतं. 1348 मध्ये प्लेग आला. गावातली निम्मी तरी माणसं गेली. आन्योलो दी तुरा या इथल्याच बखरकाराने आपली पाच मुलं स्वतःच्या हातांनी पुरल्याचं लिहून ठेवलंय. बांधकामातही दोष निघाले आणि काम थांबलं ते कायमचं. ती भिंत म्हणजे ‘फाच्चातोने’.

तिच्यावर चढता येतं, रस्ता संग्रहालयातून आहे. वर जाताना दूच्चो या चित्रकाराची ‘माएस्ता’ बघून घ्या. 9 जून 1311 रोजी हे चित्र कार्यशाळेतून दुओमोपर्यंत वाजतगाजत मिरवत नेलं होतं, दुकानं बंद ठेवून. पुढे अठराव्या शतकात ते कापून वेगळं केलं आणि काही तुकडे परदेशांतल्या संग्रहालयांत गेले. मग अरुंद गोल जिना. ठरावीक संख्येनेच सोडतात, त्यामुळे थोडी रांग धरून चला. वरून काम्पो, मनोरा, कौलं आणि त्यापलीकडे टस्कनीच्या टेकड्या, सगळं मिळतं.

काम्पोवरच्या मनोऱ्यावरही चढता येतं, सुमारे 400 पायऱ्या आहेत. दोन्ही करू नका. मी फाच्चातोने निवडतो, कारण मनोऱ्यावरून मनोरा दिसत नाही.

जेवण

साडेबारा ते अडीच या वेळातच स्वयंपाकघरं चालू असतात. एक वाजता टेबलावर असा. चौकातल्या छत्र्यांखाली न बसता दोन गल्ल्या मागे जा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे, बसण्याचा आकार आहे.

इथला पदार्थ म्हणजे ‘पीची’: हाताने वळलेल्या, शेवयांपेक्षा चांगल्या जाड दोऱ्या. शाकाहारींनी ‘पीची आल्लाल्योने’ मागवा, म्हणजे टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांचा लसूण. वरून थोडी लाल मिरची मागून घेतली की घरच्यासारखं वाटतं. ‘काचो ए पेपे’ म्हणजे चीज आणि मिरी. ‘रिबोल्लीता’ हे शिळ्या पावाचं, घेवड्याचं आणि पालेभाजीचं दाट सूप दिसायला शाकाहारी असलं तरी विचारा: ‘चे कार्ने?’ म्हणजे मांस आहे का, आणि ‘ब्रोदो दी कार्ने?’ म्हणजे मांसाचा रस घातलाय का. कडक शाकाहारींसाठी आणखी एक: पेकोरीनो चीज बहुधा प्राण्यांपासून मिळणारं विरजण वापरूनच करतात. पाव अळणी लागेल. टस्कनीत पावात मीठ घालत नाहीत. वेटरकडे तक्रार करू नका, आमच्यातल्या एकाने केली होती.

मांसाहारींसाठी ‘चिंता सेनेझे’ या इथल्या डुकराच्या जातीचे सुके प्रकार आहेत. काळं डुक्कर, खांद्यावर पांढरा पट्टा. ते डुक्कर लक्षात ठेवा, दुपारी पुन्हा भेटणार आहे.

अडीच ते चार: रुग्णालयाची सावली

बाहेर ऊन असतं आणि जेवण अंगावर आलेलं असतं. दुओमोच्या पायऱ्यांसमोरच सांता मारिया देल्ला स्काला हे युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक रुग्णालय आहे, आता संग्रहालय. उत्तरेकडून रोमला चालत निघालेल्या यात्रेकरूंसाठी ते उभारलं गेलं आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे रुग्ण होते. ‘पेल्लेग्रिनाइओ’ या जुन्या रुग्णकक्षाच्या भिंतींवर 1440 च्या दशकातली चित्रं आहेत: जखम धुणारे वैद्य, अन्नदान, टाकून दिलेल्या बाळांना पाजणाऱ्या दाया. खाटेवर पडलेला माणूस वर बघायचा तेव्हा त्याला आपल्यासारखेच आजारी दिसायचे. आमचा डॉक्टर मित्र दुओमोत कंटाळला होता, इथून हलेना.

तळमजल्यांत उतरत जाता येतं, गारवा आहे आणि गर्दी नाही. कुणाला डुलकी काढायची असेल तर बाकही सापडतात.

चार वाजता: एका खोलीसाठी

आता खाली काम्पोवर. चौक थेट बघत बसू नका, तो संध्याकाळसाठी राखून ठेवा. पालात्सो पुब्लिको या नगरभवनात शिरा आणि संग्रहालयातून ‘साला देल्ला पाचे’ गाठा. या खोलीत नऊ जणांचं सरकार भरायचं. 1287 ते 1355 या काळात सिएनावर नऊ नागरिकांच्या मंडळाची सत्ता होती. त्यांनी 1338–39 मध्ये आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीकडून भिंती रंगवून घेतल्या: एकीकडे चांगलं राज्य, दुसरीकडे वाईट. म्हणजे सभेत बसलं की डोळे वर करताच आपण कुठे चाललोय ते दिसावं. कोणत्याही सभागृहात अशी खोली असावी असं मला वाटतं, पण तो विषय वेगळा.

कुठून बघायचं? आधी न्यायदेवतेपासून निघालेली दोरी धरा. ती एकोप्याच्या देवीच्या हाती येते. तिच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा आहे, सगळ्यांना सारखं करायला. तीच दोरी पुढे 24 नागरिक हातोहात नेतात. शेजारी पांढऱ्या वस्त्रातली शांती उशीला टेकून निवांत पहुडलीय, चिलखत तिच्या खाली दडपलेलं. मग उजवीकडचं गाव: नाचणाऱ्या आकृत्या, चांभाराचं दुकान, शिकवणारा मास्तर, परांचीवर चढून वीट रचणारे गवंडी. वेशीतून आत येणाऱ्या शेतकऱ्याच्या पुढे काळं, पांढऱ्या पट्ट्याचं डुक्कर. जेवताना ज्याची ओळख झाली तेच. समोरच्या भिंतीवर शिंगं असलेला जुलूम बसलाय, न्यायदेवता बांधलेली आणि शेतं ओसाड.

दुओमोची ती अर्धी भिंत 1339 ची, ही खोली 1338–39 ची, बाहेरचा मनोरा 1338 ते 1348 मधला. सगळं एकाच दशकात काढलेलं. चित्रकारही बहुधा त्याच प्लेगमध्ये गेला. त्यानंतर गावाला इतकी मोठी स्वप्नं पुन्हा परवडली नाहीत आणि 1555 मध्ये तर फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या आणि स्पेनच्या फौजांपुढे शरण जावं लागलं. पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून आज आपल्याला हे गाव मिळतंय.

साडेपाचनंतर: काम्पो

आता बाहेर या आणि जमिनीवर बसा. खुर्चीवर नको, तिथे कॉफीपेक्षा जागेचे पैसे जास्त. गेलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, घ्या, विटांवर बूड टेका. चौक सुपासारखा आहे: वर रुंद, खाली नगरभवनाकडे निमुळता आणि उतरता. माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या विटांच्या नऊ पाकळ्या मोजा, त्या नऊ जणांच्या सरकारसाठी. वरच्या बाजूला फोन्ते गाया, म्हणजे आनंदाचा हौद. चौदाव्या शतकात काम्पोवर पाणी पोचलं त्या आनंदाचं नाव. याकोपो देल्ला क्वेर्चाची मूळ शिल्पं तुम्ही दुपारी ज्या रुग्णालयात होतात तिथे ठेवलीत, चौकात प्रती आहेत. मनोऱ्याचं नाव ‘माञ्जा’, म्हणजे खादाड. पहिला घंटा वाजवणारा मिळकत खाण्यापिण्यात उडवायचा म्हणे.

याच उतारावर पालिओ होतो. गावात 17 कोंत्रादा आहेत: हंस, गोगलगाय, घुबड, अळी, कासव अशी नावं असलेल्या. त्यातल्या दहा धावतात, खोगिराविना, तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आत-बाहेर. स्वार पडला तरी घोडा पहिला आला की कोंत्रादा जिंकली. कोंत्रादा म्हणजे पेठ, गणपती मंडळ आणि भावकी यांचं मिश्रण समजा. प्रत्येकीचं स्वतःचं चर्च, संग्रहालय, हौद, आणि बहुतेकींना ठरलेला एक वैरी. उजेड असेपर्यंत दोघादोघांच्या जोड्या करून गल्ल्यांत सोडा: भिंतीवरच्या फरशांवर कोणता प्राणी आहे ते बघत जायचं, प्राणी बदलला की हद्द बदलली. अर्ध्या तासात सर्वांत जास्त प्राणी मोजणाऱ्या जोडीला काँट्रीतून एक पेला वाइन.

सहानंतर सहलीचे गट निघून जातात. पोरं चेंडू घेऊन येतात, आज्या बाकांवर बसतात, वरच्या घरांची सावली लांबत चौकभर पसरते. या तासासाठी बाकीचा दिवस आखलाय.

निघताना

काम्पोपासून बसथांबा नकाशात पंधरा मिनिटांवर आहे, पण चढ आहे आणि पाय थकलेत. अर्धा तास धरा. बांकी दी सोप्रा या रस्त्याने गेलात तर वाटेत 1472 पासून चालू असलेल्या बँकेचा, मोन्ते देई पास्कीचा, चौक लागतो. याच रस्त्यावर पानफोर्ते मिळतं: सुकामेवा, मुरवलेली फळं, मध आणि मसाल्यांची दाट वडी, आठवडाभर सहज टिकते आणि विमानातून नेता येते. बदामाच्या ‘रिच्चारेल्ली’ मऊ असतात, पण त्यांत अंड्याचा पांढरा बलक असतो, घरी कुणी अंडं खात नसेल तर पानफोर्तेच घ्या. खजिनदाराकडे उरलेली चिल्लर इथे संपवायची. आमच्याकडे चार युरो चाळीस उरले होते, त्यात एक छोटी वडी आली आणि ती फ्लॉरेन्स यायच्या आत पाच जणांत संपली.